सगळ्यांच्या गळ्यातला टाय

नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी टाय बोलतोय. मला वास येतो हे मला माहीत आहे. तुम्हाला तो घटकाभर येईल, मग तुम्ही खिडकी उघडाल. मी मात्र सारा जन्म त्या वासात काढला.

माझं कूळ काही रेशमाचं नाही. कृत्रिम धागा, निळा रंग आणि त्यावर तांबडे तिरपे पट्टे. एका तंत्रविद्यापीठाच्या शिपायाने मला खडूची खोकी आणि डस्टर यांच्याबरोबर विकत घेतलं आणि त्यांच्याच पिशवीत कोंबून आणलं. विद्यापीठात पाय ठेवला तो अंगभर खडू माखूनच. पुढे आयुष्यात काय काय अंगाला लागणार आहे याची ती नांदी होती.

मला ज्या खोलीत ठेवलं तिथे ‘व्यावसायिक आणि तांत्रिक संवाद’ नावाचा विषय शिकवत. इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलांना चारचौघांत कसं बोलावं, मुलाखत कशी द्यावी, अहवाल कसा मांडावा हे शिकवायचा विषय. तिथल्या एका तरुण मास्तराने पहिल्याच दिवशी मला स्वतःच्या गळ्यात घालून छान गाठ मारली, ती गाठ तशीच ठेवून मला डोक्यावरून काढलं आणि दारामागच्या खिळ्याला टांगलं. महिन्याभरात त्याला दुसरीकडे नोकरी लागली आणि तो गेला. उरलेल्यांत टायची गाठ मारता येणारं कोणीच नव्हतं. त्यामुळे गाठ सुटली तर पुन्हा मारणार कोण, या धास्तीने मला कोणी कधी सोडलं नाही. आणि सोडलं नाही म्हणून धुतलंही नाही.

त्या खोलीची रीतच पडली. ज्याची बोलायची पाळी, त्याने खिळ्यावरून मला काढायचं, फास डोक्यातून खाली घ्यायचा, ओढून आवळायचा आणि बोलायला उभं राहायचं. बोलून झालं की पुढच्याच्या हवाली. मुली आधी नाही म्हणायच्या. पण गुणांच्या तक्त्यात पोशाखाचा रकाना होता, म्हणून त्याही मुकाट गळ्यात घालायच्या. मी किती गळे पाहिले असतील विचारू नका. तेल थापलेली डोकी माझ्यातून गेली. घामाने चिकचिकलेल्या माना गेल्या. एकाने घाबरून माझ्या टोकाला नाक पुसलं आणि लगेच हसून सभेला नमस्कार केला. एकजण बोलता बोलता मला चघळायचा. हे सगळं माझ्या गाठीत मुरत गेलं, आणि ती दगडासारखी घट्ट झाली.

पण घामाचं मी समजू शकतो. घाम खरा असतो. मला खरी शिसारी आली ती त्या गळ्यांतून जे बाहेर पडायचं त्याची.

‘मी मेहनती आहे.’ ‘मला आव्हानं आवडतात.’ ‘माझा दोष एकच, मी फार परिपूर्णतावादी आहे.’ पोरगं बदलायचं, गळा बदलायचा, वाक्य तेच. कालच वापरलेला चहाचा चोथा पुन्हा उकळावा तसं. जो पोरगा वर्षभर बाकावर डोकं ठेवून झोपला तोही मेहनती, आणि ज्याचा प्रकल्प बाजारातून करून आणला होता तोही मेहनती. मी त्यांच्या छातीवर लोंबत असायचो. आत काळीज कसं चालतंय ते मला कळायचं. बोलणं एकीकडे आणि काळीज दुसरीकडे.

शिकवायला एक मॅडम होत्या. ‘नजर द्या, नजर,’ असं सारखं म्हणायच्या म्हणून पोरांनी त्यांचं नाव नजरमॅडम ठेवलं होतं. बाई वाईट नव्हती. सुरुवातीला त्या एक गंमत करायच्या. एका मुलाने कागदाची होडी कशी करायची ते नुसतं बोलून सांगायचं आणि दुसऱ्याने डोळे मिटून तसंच करायचं. होडीऐवजी बोळा झाला की वर्ग हसायचा, आणि सांगणाऱ्याला कळायचं की आपण कुठे चुकलो. त्या तासांना मला कोणी गळ्यात घालायचं नाही. मी खिळ्यावरून बघायचो, आणि मला बरं वाटायचं.

मग वरून गुणांचा तक्ता आला. आवाज, नजर, हातवारे, उभं राहणं, पोशाख, हसरा चेहरा, वेळेचं भान, असे रकाने. जे सांगतोयस ते खरं आहे का, असा रकाना त्यात नव्हता. होड्या बंद झाल्या. मॅडम तक्ता भरायला लागल्या, आणि हळूहळू त्यांचे डोळे तक्त्याच्याच मापाचे झाले. प्रेक्षकांकडे कधी पाठ करायची नाही. हात खिशात घालायचे नाहीत, टेबलाखाली लपवायचे नाहीत. हात दिसले की माणूस खरा वाटतो. वाईट बातमीसुद्धा गोड शब्दांत गुंडाळून द्यायची. हे सगळं त्या मनापासून शिकवायच्या. घसा बसेपर्यंत शिकवायच्या. त्याचंच तर वाईट वाटतं.

शिवाय एक मोजणीची पद्धत होती. बोलणाऱ्याच्या समोर एक विद्यार्थी बसवायचा आणि त्याने बोलणारा किती वेळा ‘अं’ म्हणाला ते रेघा मारून मोजायचं. या कामात तिसऱ्या वर्षातली एक मुलगी पटाईत होती. अंगाने लहानखुरी, सदा चिवचिवणारी, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. तिची एकही रेघ चुकायची नाही. मॅडम तिला मुद्दाम पुढे बसवायच्या.

तिच्याच वर्गात पुटपुट्या होता. उंच, वाकलेला, तोंडातल्या तोंडात बोलणारा. त्याच्या गळ्यात मी पडलो की मला आवळल्यासारखं वाटायचं, कारण तो उभा राहायचाच आकसून. चिमणी आणि तो वर्कशॉपला एकाच गटात. वर्कशॉप म्हणजे विद्यापीठाची यंत्रशाळा. तिथे पत्रा कापायचा एक प्रेस होता. पायाखालची पट्टी दाबली की वरचा जड भाग धाडकन खाली येतो आणि पत्र्याचा तुकडा पाडतो.

त्या सत्रात सगळ्यांना ‘समस्या आणि उपाय’ या विषयावर पाच मिनिटं बोलायचं होतं. बहुतेकांनी ताणतणाव, वेळेचं नियोजन असले इकडून तिकडून उचललेले विषय घेतले. पुटपुट्याची पाळी आली. त्याने मला गळ्यात घातलं. त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की माझे पट्टे हलत असतील.

तो म्हणाला, “अं... आपल्या वर्कशॉपचा प्रेस. त्याला पुढे जाळी असते. अं... जाळी उघडी असली की प्रेस चालू होऊ नये, म्हणून एक बटण असतं. त्या बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवलंय. अं... काम लवकर व्हावं म्हणून. आता जाळी उघडी असली तरी प्रेस खाली येतो. आणि कधी कधी... अं... एकदा पाय दिला तरी दोनदा येतो. कुणाचा तरी हात जाईल.”

मी सांगतो, त्या खोलीत इतक्या वर्षांत मी ऐकलेलं ते पहिलं खरं बोलणं होतं. पहिल्यांदाच बोलणं आणि काळीज एकाच चालीने चाललं होतं. मी वाट बघत होतो की आता मॅडम उठतील, विचारतील, कुठला प्रेस, कधीपासून, चल दाखव.

मॅडमनी तक्त्यावरून मान वर केली आणि चिमणीला विचारलं, “किती झाले?”

“सत्तावीस,” चिमणी म्हणाली. वर्ग हसला. चिमणीही हसली. पुटपुट्याही हसला, काय करणार.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. हात खिशात होता. नजर जमिनीवर. टाय वाकडा. ‘हात जाईल’ हे फार नकारात्मक वाटतं, ऐकणारा बिथरतो. विषय मात्र वेगळा आहे, याच्यावर मेहनत घेतली तर स्पर्धेत पाठवता येईल. दहापैकी चार. पुढचा. मी पुढच्याच्या गळ्यात गेलो. त्याचा विषय होता ‘ऐकण्याची कला’.

मॅडमनी शब्द पाळला. दोन आठवडे त्यांनी पुटपुट्याला घासूनपुसून तयार केलं. स्वतःचा डबा बाजूला ठेवून, जेवायच्या सुट्टीत. भाषणाचं नाव झालं ‘सुरक्षित उद्याकडे’. चिकटपट्टी गेली, तिच्या जागी ‘सुधारणेच्या संधी’ आल्या. ‘कुणाचा तरी हात जाईल’ हे वाक्य गेलं, तिथे ‘मनुष्यबळ ही आपली खरी संपत्ती’ आलं. दर सरावाला ‘अं’ कमी होत गेले आणि दर सरावाला प्रेसही भाषणातून कमी होत गेला. शेवटी दोन्ही उरले नाहीत. मी त्याच्या छातीवर होतो. काळजाची ती चाल पुन्हा बिघडलेली मला कळत होती. पण पोरगं खूश होतं. जन्मात पहिल्यांदा लोक त्याचं ऐकत होते.

स्पर्धेच्या परीक्षकांत वर्कशॉपचे प्रमुख सर होते. कुठलीही तक्रार नेली की ‘होऊन जाईल’ म्हणायचे, म्हणून त्यांचं नावच होऊनजाईल सर पडलं होतं. प्रेस त्यांचा, बटण त्यांचं, चिकटपट्टीही त्यांच्याच समोर लागलेली. त्यांनी पुटपुट्याचं भाषण ऐकलं आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. पहिला नंबर दिला. करंडक देताना पाठ थोपटली. पुटपुट्याने हळूच विचारलं, “सर, मग ती जाळी?” सर म्हणाले, “अरे, तुझं भाषण आपण वर पाठवतोय. होऊन जाईल.”

त्या थोपटणाऱ्या हाताची बोटं मला लागली. मला त्या गाठीसकट ओकारी यावी असं झालं.

आणि गंमत अशी की सगळ्यांना वाटलं, काम झालं. बक्षीस मिळालं म्हणजे प्रश्न सुटला. पुटपुट्याला वाटलं, चिमणीला वाटलं. एवढ्या टाळ्या पडल्यावर कोण कशाला वाकून बटण बघतो?

पुढे विद्यापीठ तपासायला बाहेरून पाहुण्यांची समिती येणार होती. वर्कशॉपला रंग काढला. प्रेसलाही हिरवागार रंग दिला. रंगाऱ्याने बटणावरच्या चिकटपट्टीवरूनही ब्रश फिरवला. कुठे पट्टी आणि कुठे लोखंड ते कळेनासं झालं. दारावर पाटी होती की सैल कपडे, टाय, साखळ्या घालून आत येऊ नये. तिच्यावर त्या दिवशी स्वागताचा फलक चिकटवला होता.

पाहुण्यांना यंत्रांची माहिती द्यायला पुटपुट्याची निवड झाली. करंडक मिळवलेला गडी, दुसरं कोण? त्याने मला आवळलं आणि प्रेससमोर, पाहुण्यांकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या मागे प्रेसवर चिमणी. ती पत्रा घालणार, पाय देणार, तुकडा काढणार. कोपऱ्यात मॅडम उभ्या होत्या आणि त्याच्या नजरेकडे बघून माना डोलवत होत्या. होऊनजाईल सर पाहुण्यांच्या खुर्च्या सरकवत होते.

पुटपुट्या सुरेख बोलला. हात दिसत होते. चेहरा हसरा. एकही ‘अं’ नाही. मागे प्रेस एकदा आपटला. तुकडा पडला. पाहुणे माना डोलवायला लागले. चिमणीने तुकडा उचलायला हात आत घातला, आणि तिने पाय दिलेला नसताना तो दुसऱ्यांदा आपटला.

या वेळचा आवाज वेगळा होता. पुटपुट्याच्या छातीने तो ओळखला. मी आतला ठोका चुकताना ऐकला. पण प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, हे त्याच्या हाडामांसात इतकं भिनलं होतं की एक अख्खं वाक्य तो तसाच हसतमुखाने बोलत राहिला. ते वाक्य होतं, ‘विद्यार्थ्यांची सुरक्षितता हे आमचं पहिलं ध्येय आहे.’ मग चिमणी ओरडली.

त्यानंतर त्याने जे केलं त्यात त्याला कोणी शिकवलेलं काही नव्हतं. त्याने मला डोक्यावरून ओरबाडून काढलं. इतक्या वर्षांची ती गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली. कितीजणांचा घाम आणि शेंबूड त्या गाठीत होता ते मला माहीत आहे. त्याला त्याची पर्वा नव्हती. चिमणीच्या मनगटाच्या वर त्याने मला करकचून बांधलं. मी आयुष्यात प्रथमच सरळ झालो आणि प्रथमच कुणाच्या उपयोगी पडलो. तिचं रक्त गरम होतं. त्याची मला किळस आली नाही.

होऊनजाईल सरांनी रुग्णवाहिकेला फोन लावला होता. ते नीट रीतीने बोलत होते. नमस्कार, मी अमुक विभागाचा प्रमुख, आमच्याकडे एक छोटासा प्रसंग उद्भवला आहे. पुटपुट्याने त्यांच्या हातातून फोन हिसकावला. “प्रेसमध्ये हात गेलाय. मुलगी आहे. रक्त थांबत नाहीये. विद्यापीठाच्या मागच्या फाटकाने या, मी तिथे माणूस उभा करतो.” एवढंच बोलला. गाडी मागच्या फाटकाने आली.

चिमणीचा उजवा हात. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तिन्ही बोटं गेली.

इस्पितळात मला कापून फेकतील असं वाटलं होतं. पण एका नर्सने मला सोडून पिशवीत घातलं आणि चिमणीच्या आईच्या हातात दिलं. आईने विचारलं, हा कुणाचा? चिमणी म्हणाली, कॉलेजचा. “मग परत द्यायला हवा,” आई म्हणाली. लेकीची बोटं ज्यांनी घेतली त्यांचा टाय परत द्यायला हवा! त्या माउलीने मला गार पाण्यात भिजवलं, साबण लावून हलक्या हाताने चोळलं, सावलीत वाळवलं आणि इस्त्री केली. माझी पहिली आंघोळ ती. डाग पूर्ण गेला नाही. तांबड्या पट्ट्यांत तो मिसळून जातो, इतकंच.

पुढे चौकशी झाली. पुटपुट्या चौकशी समितीपुढे गेला आणि त्याने सगळं सांगितलं. समितीतले एक गृहस्थ त्याला दोनदा म्हणाले, जरा मोठ्याने बोल. मॅडमनीही सांगितलं की या मुलाने आधी वर्गात सांगितलं होतं आणि मी त्याला चार गुण दिले होते. ते सांगताना त्यांची नजर जमिनीवर होती, असं ऐकलं. अहवालात निष्कर्ष आला, ‘परस्पर संवादाचा अभाव’. उपाय म्हणून संवादाचे आठवड्याला दोन तास वाढवले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! सुरक्षा समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष कोण, तर होऊनजाईल सर. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पुटपुट्याने करंडक वर्कशॉपच्या दाराशी नेऊन ठेवला. येणारे-जाणारे त्यात चहाचे कागदी कप टाकतात.

मी पुन्हा खिळ्यावर आलो. पण आता गाठ नाही, आणि मारता कोणाला येत नाही. त्यांनी तयार गाठीचा, चेनवाला नवा टाय आणलाय. त्यालाही वास यायला सुरुवात झाली आहे. मला रद्द करायला कुणाची तरी सही लागते, ती होत नाही, म्हणून लोंबतोय.

परवा त्या खोलीत सरावाच्या मुलाखती झाल्या. टेबलापलीकडे मॅडम आणि नोकऱ्या मिळवून देणाऱ्या विभागाचे साहेब. चिमणी आत आली. हल्ली ती चिवचिवत नाही. तिने नव्या टायला हात लावला नाही. डाव्या हाताने मला खिळ्यावरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्या शेजारी आपला उजवा हात.

साहेबांनी हाताकडे बघितलं आणि चटकन दुसरीकडे बघितलं. मग आवाजात मध घालून म्हणाले, “हे बघ बाळ, तुझ्या भल्याचं सांगतो. खऱ्या मुलाखतीत हा हात टेबलाखाली ठेवत जा. समोरच्याचं मन विचलित होतं.”

ज्या खोलीत हात दिसले पाहिजेत म्हणून मुलांचे गुण कापले, त्याच खोलीत. मला आजवर आलेली सगळी किळस त्या मधापुढे फिकी पडली. चिमणीने हात हलवला नाही.

साहेबांनी घसा साफ केला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. “बरं, स्वतःतला एखादा दोष सांगा.”

मला वाटलं, आता येणार तो चोथा. मी परिपूर्णतावादी आहे.

चिमणी म्हणाली, “तो सांगत होता की हात जाईल. मी समोरच बसले होते. मी त्याचे अं मोजत होते.” थांबून पुढे म्हणाली, “बरोबर मोजले होते.”

मॅडमच्या हातात पेन होतं. पुढ्यात तक्ता होता. पेन एका रकान्यावर गेलं, तिथून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, आणि कुठेच टेकलं नाही. मग त्यांनी तक्ता उलटा केला आणि विचारलं, “नेमकं काय म्हणाला होता तो? मला पुन्हा सांग.” उशीर झाला होता. तरी त्या खोलीत हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला.

चिमणीने जाताना मला परत खिळ्याला लावलं. मी तिथेच आहे, सरळ, बिनगाठीचा, डागाळलेला. मला धुवा, जपा, असलं काही माझं मागणं नाही. जाळून टाकलंत तरी चालेल. फक्त एवढं करा. उद्या तुमच्यापुढे कोणी आकसून, अडखळत, काहीतरी सांगायला उभं राहिलं, तर त्याच्या गळ्याकडे बघत बसू नका. त्याच्या पाठीमागे काय चालू आहे, तिकडे बघा.